देवाच्या नगरीवरचे खटले

जानेवारी २००३ मध्ये 'सिटी ऑफ गॉड' अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी चार तारे दिले. २००२ सालच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या आपल्या यादीत त्यांनी तो थेट दुसऱ्या क्रमांकावर बसवला होता. इंग्रजी परीक्षणांत मार्टिन स्कोर्सेसीचा 'गुडफेलाज' आणि क्वेंटिन टॅरंटिनो ही नावं पुन्हा पुन्हा येत होती. ब्राझीलमधून कुणीतरी त्या पंगतीत येऊन बसलं, असा एकंदर सूर होता. त्याच महिन्यात रिओ दी जानेरोमध्ये एमव्ही बिल या रॅपरने जाहीर निवेदन काढलं. चित्रपटाला ज्या वस्तीचं नाव दिलं आहे, त्याच वस्तीत बिल वाढला. त्याची तक्रार थोडक्यात अशी होती: नाव आणि पैसा बाहेरच्यांना मिळाला, वस्तीच्या कपाळावरचा शिक्का मात्र आणखी गडद झाला, आणि बदल्यात तिला काहीच मिळालं नाही.

ईबर्ट आणि बिल, दोघांनीही चित्रपट नीट पाहिला होता. म्हणूनच आजच्या व्याख्यानाचा विषय चित्रपटापेक्षा त्याच्यावर उभे राहिलेले खटले हा आहे. कोणी, कुठे उभं राहून, कोणत्या आरोपाखाली हा चित्रपट पिंजऱ्यात उभा केला, आणि त्यातला कोणता आरोप वीसेक वर्षांनंतरही टिकून आहे?

थोडी कथा सांगावीच लागेल. सिदाद दे देउस, म्हणजे देवाची नगरी, ही रिओच्या पश्चिमेला जाकारेपाग्वा भागात १९६० च्या दशकात सरकारने बांधलेली वसाहत. शहरातल्या टेकड्यांवरच्या झोपडवस्त्या, म्हणजे फवेला, उठवून तिथली माणसं इथे आणून टाकली. जानेवारी १९६६ च्या पुरात बेघर झालेल्यांचीही तिथेच रवानगी झाली. चित्रपट या वसाहतीची साधारण दीड दशकांची कहाणी सांगतो. सुरुवातीला गॅसचा ट्रक लुटणारी तीन पोरं आहेत. त्यांच्या मागे लागलेला दादिन्यो हा चिमुरडा पुढे झे पेकेनो होतो आणि अमली पदार्थांचा धंदा ताब्यात घेतो. बसमधला सरळमार्गी कंडक्टर माने गालिन्या सूडापोटी बंदूक उचलतो, दोन टोळ्यांत युद्ध पेटतं आणि दोन्हीकडून मुलांची भरती सुरू होते. हे सगळं सांगतो बुस्कापे. त्याला टोळीत जायचं नाही, त्याला छायाचित्रकार व्हायचं आहे. या कथेत तिशी ओलांडलेला गुंड औषधालाही सापडत नाही.

मूळ कादंबरी पाउलो लिन्स यांची, १९९७ ची, पाचशेहून अधिक पानांची. लिन्स स्वतः त्या वसाहतीत वाढले. कविता लिहीत होते आणि मानववंशशास्त्रज्ञ आल्बा झालुआर यांच्या संशोधनात सहायक म्हणून वस्तीतल्या गुन्हेगारीच्या मुलाखती गोळा करत होते. कादंबरी त्या टिपणांतून उगवली. ती आली त्याच वर्षी ब्राझीलचे मोठे साहित्यसमीक्षक रोबेर्तो श्वार्झ यांनी तिचं जाहीर स्वागत केलं. त्या पुस्तकातही लहान मुलांचे खून आहेत, आणि ते वाचताना पोटात कालवतं. तरी कादंबरीवर खटला भरला गेला नाही. पाच वर्षांनी पडद्यावर आल्यावर मात्र तोच मजकूर आरोपी ठरला. कादंबरी वाचणारे मोजके असतात हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पटकथाकार ब्राउलियो मांतोवानी यांनी केलेल्या बदलात आहे. कादंबरीत कुणी एक वाटाड्या नाही. गर्दीतलं एक साधं पात्र असलेल्या बुस्कापेला मांतोवानींनी निवेदक केलं. तो मिश्कील आहे, भित्रा आहे, मुलींच्या बाबतीत कमनशिबी आहे. त्याचा हात धरून प्रेक्षक आत जातो, आणि कादंबरीत कुठेही न मिळणारा विसावा त्याला मिळतो. तक्रारीचं बीज इथे पडलं.

दिग्दर्शक फर्नांदो मेइरेलेस साओ पाउलोचे. शिक्षण वास्तुशास्त्राचं, कमाई जाहिरातपटांची. हा तपशील समीक्षकांनी शस्त्रासारखा वापरला. सोबत सहदिग्दर्शक कातिया लुंद होत्या. त्यांनी झ्वाँव मोरेइरा सालेस यांच्याबरोबर रिओतले पोलीस आणि टोळ्या यांच्या लढाईवर १९९९ मध्ये एक कडक माहितीपट केला होता. दोघांनी नावाजलेले नट जवळपास वर्ज्य केले. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या सुमारे दोन हजार मुलांच्या मुलाखती घेऊन त्यांतली दोनशे निवडली आणि महिनोन्‌महिने कार्यशाळा चालवल्या. विदिगाल वस्तीत नाट्यसंस्था चालवणारे गुती फ्रागा त्यात होते. मुलांच्या हाती संवाद दिलेच नाहीत. प्रसंग सांगायचा आणि त्यांच्या तोंडून येईल ते टिपायचं, अशी पद्धत होती. झे पेकेनो झालेला लेआंद्रो फिर्मिनो मित्राला सोबत म्हणून चाचणीला आला होता. २००० मध्ये याच चमूने 'पालासी दोइस' हा लघुपट रंगीत तालीम म्हणून करून पाहिला. मग मे २००२ मध्ये कान महोत्सवात स्पर्धेबाहेर पहिला खेळ झाला आणि ३० ऑगस्टला ब्राझीलमध्ये चित्रपट लागला. तीस लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. ब्राझिली चित्रपटाला एवढी गर्दी त्या काळात विरळाच होती.

गर्दी जमली आणि फिर्यादही दाखल झाली.

पहिली आणि सर्वांत गाजलेली फिर्याद रिओच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या इवाना बेंतेस यांची. तिच्या मुळाशी १९६५ चा एक जाहीरनामा आहे. इटलीत जेनोआ इथे ब्राझिली दिग्दर्शक ग्लाउबेर रोशा यांनी 'भुकेचं सौंदर्यशास्त्र' मांडलं. लॅटिन अमेरिकेची भूक युरोपच्या प्रेक्षकाला चवीचवीने पाहता येईल अशी दाखवायची नाही, प्रतिमा इतकी ओबडधोबड आणि हिंसक ठेवायची की त्याला बसल्या जागी अस्वस्थ वाटावं, हा त्याचा गाभा. रोशा आणि नेल्सन पेरेइरा दोस सांतोस यांच्या पिढीने ते करूनही दाखवलं. आता, बेंतेस म्हणाल्या, भुकेचं सौंदर्यशास्त्र जाऊन भुकेची सौंदर्यप्रसाधनं आली आहेत. नव्या ब्राझिली चित्रपटांच्या एका गटाबद्दलच त्या हे बोलत होत्या, पण शब्द चिकटला तो 'सिटी ऑफ गॉड'ला. चकचकीत छायाचित्रण, जाहिरातीसारखी कापाकापी, पाठीमागे फंक आणि सांबा. गरीब काळी मुलं एकमेकांना मारतात आणि प्रेक्षक नरकाची सहल करून सुखरूप घरी परततो.

हा आरोप हवेतून आला नव्हता. रिओच्या वस्त्या पडद्यावर आल्या की शहर अस्वस्थ होतं, हा जुना अनुभव आहे. पेरेइरा दोस सांतोस यांच्या 'रिओ, चाळीस अंश' या चित्रपटावर १९५५ मध्ये तिथल्या पोलीसप्रमुखाने बंदी घातली. शहराची काळी बाजू दाखवली हा राग तर होताच, पण रिओत पारा कधी चाळिशी गाठत नाही, अशीही तक्रार त्याने नोंदवल्याचं सांगतात. चार वर्षांनी मार्सेल काम्यू या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ब्लॅक ऑर्फियस' आला. टेकडीवरची वस्ती, कार्निव्हल, नाचणारी देखणी माणसं. कानमध्ये त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, जग खूश झालं आणि अनेक ब्राझिली लोकांनी कपाळावर हात मारला. म्हणजे शहराची इभ्रत घालवली म्हणून एक चित्रपट अडवला गेला, आणि गरिबीला रंग फासला म्हणून दुसरा नाकारला गेला. 'सिटी ऑफ गॉड'च्या नशिबी दोन्ही आरोप एकदम आले.

पण बेंतेस यांच्या आरोपाचा मुख्य आधार, म्हणजे वेग आणि चकचकाट, चित्रपटाजवळ जाऊन तपासला तर डळमळतो. छायाचित्रकार सेझार शार्लोने यांनी तीन काळांना तीन वेगळे स्वभाव दिले आहेत. साठीतला भाग उन्हाच्या पिवळ्या रंगात, कॅमेरा बराचसा स्थिर, माणसांभोवती मोकळी जागा. सत्तरीत कॅमेरा सैल होतो. युद्धाच्या भागात तो हातात येतो, रंग थंडावतात, चौकट अंगावर येते. वेग वाढतो तो कथेतलं आयुष्य आखूड होत जातं म्हणून. आणि जिथे हवं तिथे दानिएल रेझेंदे यांचं संपादन चक्क थांबतं. सदनिकेतल्या अड्ड्याचा प्रसंग पाहावा. एका बाईचं घर, मग त्यातला माल, मग एक मालक, त्याला हटवून दुसरा. कॅमेरा एका कोपऱ्यात ठेवलेला आहे, जागचा हलत नाही. चित्रं एकमेकांत विरघळत जातात, फर्निचर नाहीसं होतं, भिंती काळवंडतात, आणि काही मिनिटांत एका धंद्याचा अर्थशास्त्रीय इतिहास डोळ्यांसमोरून जातो. जाहिरातीतून शिकलेली काटकसर इथे कारणी लागली आहे. हे तंत्र चैनीचं म्हणणं म्हणजे पाहण्याचा कंटाळा करणं.

दुसरा थांबा फार कठीण आहे. झे पेकेनो दोन लहान मुलांना कोपऱ्यात गाठतो. गोळी हातावर हवी की पायावर, असं विचारतो. मग टोळीत नव्याने आलेल्या एका पोराच्या हातात पिस्तूल देऊन दोघांपैकी एकाला मारायला लावतो. इथे संगीत नाही, विनोद नाही, बुस्कापेची मखलाशी नाही. त्यातला धाकटा मुलगा जसा रडतो ते पाहून, हे मूल नक्की अभिनय करतंय ना, असा प्रश्न जगभरच्या प्रेक्षकांना पडला. या प्रसंगाबद्दल सौंदर्यप्रसाधनाचा आरोप करता येत नाही. दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्न मात्र विचारता येतो: असा अभिनय मुलाकडून करवून घ्यावा का? फवेलातल्या मुलांना घेऊन केलेल्या चित्रपटाचा एक दुखरा इतिहास ब्राझीलच्या आठवणीत होता. हेक्टर बाबेंको यांच्या १९८१ च्या 'पिशोते'त रस्त्यावरच्या मुलाची भूमिका करणारा फेर्नांदो रामोस दा सिल्वा चित्रपटानंतर पुन्हा गरिबीत गेला आणि १९८७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. 'सिटी ऑफ गॉड'च्या मंडळींनी कार्यशाळांचं रूपांतर पुढे एका प्रशिक्षणसंस्थेत केलं, त्यामागे ही आठवण असणारच.

मात्र बेंतेस यांचा एक मुद्दा अजून खोडून निघालेला नाही. चित्रपटातली वस्ती बंद पेटीसारखी आहे. माल विकत घेणारं शहर दिसत नाही. बंदुका विकणारा पोलीस दिसतो, पण त्याच्या वरचं कुणी दिसत नाही. समुद्रकिनारा आणि वर्तमानपत्राचं कार्यालय सोडलं तर रिओ जणू नाहीच. त्यामुळे हिंसा या मुलांच्या रक्तातूनच येते, असा समज करून घेणाऱ्याला चित्रपट अडवत नाही. स्कोर्सेसीशी केलेली तुलनाही इथेच थिटी पडते. 'गुडफेलाज'मधल्या गुंडांना हौसेने गुंड व्हायचं असतं, त्यांच्यापुढे दुसरे रस्ते असतात. झे पेकेनोच्या सैन्यातल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला तसा पर्याय होता की नाही, हा प्रश्न ते नाव घेतल्याबरोबर बाजूला पडतो. अमेरिकी परीक्षकांनी प्रेमाने केलेलं हे नुकसान आहे.

आश्चर्य असं की या वादाचं उत्तर चित्रपटाच्या शेवटाकडे चित्रपटानेच देऊन ठेवलं आहे, आणि फिर्यादी पक्षाने ते फारसं मनावर घेतलं नाही. बुस्कापेच्या कॅमेऱ्यात अखेरीस दोन प्रकारचे फोटो जमतात. एकात पकडलेल्या झे पेकेनोकडून पैसे काढून त्याला सोडून देणारे पोलीस आहेत. दुसऱ्यात, पोरांच्या टोळक्याने लगेच चाळण केलेलं झे पेकेनोचं प्रेत आहे. पहिला फोटो छापला तर नाव होईल, पण जीव जाईल. दुसऱ्याने वर्तमानपत्रात उमेदवारी मिळेल. बुस्कापे प्रेताचा फोटो देतो. गरीब वस्तीचं कोणतं चित्र बाहेर विकलं जातं आणि कोणतं खिशात राहतं, हे याहून स्पष्ट कुणी सांगावं? मेइरेलेस यांनी स्वतःच्या चित्रपटावर केलेली ही टीका मानायला हरकत नाही. त्यांचाही चित्रपट बाहेर विकला गेला तो बराचसा प्रेताच्या फोटोच्या जोरावर. ती टीका पडद्यावर आहे म्हणून गुन्हा माफ होतो असं नाही, पण आरोपीने कबुलीजबाब आधीच दिला होता, एवढी नोंद खटल्याच्या कागदांत हवी.

ऑस्करची कहाणी लवकर सांगून टाकू. ब्राझीलने परभाषेतल्या चित्रपटासाठी तो पाठवला, पण २००३ च्या अंतिम पाचांत तो आला नाही. अमेरिकेत प्रदर्शित झाल्यामुळे पुढच्या वर्षी तो खुल्या गटांत पात्र ठरला. वितरक मिरामॅक्सने जोर लावला, आणि जानेवारी २००४ मध्ये दिग्दर्शन, आधारित पटकथा, छायाचित्रण आणि संपादन अशी चार नामांकनं मिळाली. पारितोषिक एकही नाही. त्या वर्षी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटच्या भागाने अकरा बाहुल्या नेल्या. दिग्दर्शनाच्या नामांकनात मात्र एकट्या मेइरेलेस यांचं नाव होतं. वस्त्यांत पाय रोवून मुलं घडवणाऱ्या कातिया लुंद त्यात नव्हत्या.

मुंबईकरांना हे पुढे ओळखीचं वाटलं असेल. २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'वर लिहिताना परदेशी परीक्षकांना झोपडपट्टीतली ती सुरुवातीची धावपळ पाहून 'सिटी ऑफ गॉड' हमखास आठवला. गरिबीचा तमाशा मांडल्याचा तोच आरोप धारावीच्या वाटेने पुन्हा आला. मुलांबरोबर काम करणाऱ्या लवलीन टंडन यांचा उल्लेख श्रेयनामावलीत भारतातल्या सहदिग्दर्शक असा होता, आणि पुरस्कारांची नामांकनं निघाली ती फक्त डॅनी बॉइल यांच्या नावाने. अमेरिकेत त्यांच्या बाजूने मोहीम सुरू झाली तेव्हा टंडन यांनीच ती थांबवायला सांगितलं. रिओ काय, मुंबई काय, वस्तीत शिरून मुलांना बोलतं करणारी बाई श्रेयाच्या पाटीवर दुसऱ्या ओळीत राहते. चित्रपट-समीक्षेने या बाबीकडे अगदीच उशिरा पाहिलं.

आता पुन्हा एमव्ही बिलकडे. त्याने निवेदनावर थांबून चालणार नाही हे ओळखलं. सेल्सो आताइदे यांच्याबरोबर त्याने ब्राझीलभरच्या वस्त्यांत फिरून धंद्यात राबणाऱ्या मुलांना कॅमेऱ्यापुढे बसवलं. चेहरे झाकलेले, आवाज त्यांचाच. 'फाल्काँव' हा तो माहितीपट मार्च २००६ मध्ये ग्लोबो वाहिनीवर रविवारी रात्रीच्या कार्यक्रमात दाखवला गेला. मुख्य सतरा मुलांपैकी सोळा चित्रीकरणाच्या काळातच मेली होती. 'सिटी ऑफ गॉड'चं सर्वांत सशक्त परीक्षण कोणतं, असं विचारलं तर या माहितीपटाचं नाव घ्यावं लागेल. त्यात मुलं स्वतःच्या वाक्यांत आपल्या आया, मजुरी आणि भीती यांबद्दल बोलतात. बंद पेटीचं झाकण त्याने उघडलं.

उलट दिशेनेही एक उत्तर आलं. २००७ मध्ये झोझे पादिल्या यांचा 'एलिट स्क्वॉड' आला. पटकथेत पुन्हा मांतोवानी, संपादन पुन्हा रेझेंदे. फरक इतकाच की कॅमेरा आता काळ्या गणवेशातल्या विशेष पोलिसांच्या मागे उभा होता. प्रदर्शनाआधीच चोरीच्या डीव्हीडींवर अर्ध्या ब्राझीलने तो पाहिला, असं गमतीने म्हटलं जायचं. फॅसिस्ट असल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि २००८ मध्ये बर्लिनमध्ये त्यालाच सुवर्ण अस्वल मिळालं. पाच वर्षांपूर्वी गुंडांना देखणं केलं म्हणून ओरडणाऱ्यांना आता छळ करणाऱ्या पोलीस कप्तानाला टाळ्या मिळताना पाहाव्या लागल्या. त्या मानाने बुस्कापेचं भित्रेपण किती सुसंस्कृत होतं, हे तेव्हा काहींच्या लक्षात आलं असावं.

वस्तीला चित्रपटाचं नाव की चित्रपटाला वस्तीचं, हा घोळ आता सुटण्यापलीकडे गेला आहे. मार्च २०११ मध्ये बराक ओबामा रिओत आले तेव्हा ते सिदाद दे देउसमध्ये गेले. त्याच दिवशीच्या भाषणात त्यांनी आपल्या आईने पाहिलेल्या 'ब्लॅक ऑर्फियस'चा उल्लेख केला. एकाच पाहुण्याच्या एका दिवसात दोन वादग्रस्त चित्रपट. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं सुवर्णपदक जिंकणारी राफाएला सिल्वा याच वसाहतीतली. बातमी लिहिणाऱ्या बहुतेकांनी चित्रपटाची आठवण काढूनच तिचं कौतुक केलं. बिलच्या तक्रारीतला दुसरा भाग, शिक्क्याचा, असा अधूनमधून पुराव्यासह समोर येतो.

दरम्यान समीक्षकांनी निकाल फिरवला. ब्राझीलच्या चित्रपट-समीक्षकांच्या संघटनेने २०१५ मध्ये देशातल्या सर्वकालीन शंभर चित्रपटांची यादी केली, तेव्हा 'सिटी ऑफ गॉड' आठवा आला. दुसऱ्या क्रमांकावर ग्लाउबेर रोशांचा १९६४ चा चित्रपट होता. म्हणजे भुकेचं सौंदर्यशास्त्र आणि त्याचं कथित सौंदर्यप्रसाधन एकाच यादीच्या पहिल्या दहात, सहा पायऱ्यांच्या अंतरावर बसलेलं आहे. यादी करणं हा समीक्षकांचा आळशी छंद आहे, पण या बाबतीत तो बोलका ठरतो.

नटांचा हिशेब मात्र यादीत येत नाही. कावी बोर्जेस आणि लुसियानो विदिगाल यांनी दहा वर्षांनंतर त्या मुलांना शोधून माहितीपट केला. सेऊ झोर्झे आणि आलिसे ब्रागा जगभर पोचले होते. दादिन्यो झालेल्या डग्लस सिल्वाला 'सिटी ऑफ मेन' या मालिकेसाठी आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन मिळालं होतं. बाकी बरेच जण जिथे होते तिथेच, किंवा त्याच्या आसपास. निवेदक झालेला आलेशांद्रे रॉद्रिगेस २०१८ मध्ये उबरची गाडी चालवताना ओळखला गेला आणि त्याची बातमी झाली. उबर चालवण्यात काही कमीपणा नाही, पण चार ऑस्कर नामांकनांच्या चित्रपटाचा नायक म्हटल्यावर बातमी होणारच. २०२४ मध्ये त्याच रॉद्रिगेसला घेऊन दिग्दर्शक आली मुरितिबा यांच्या हाताखाली पुढची कहाणी मालिका म्हणून आली. बुस्कापे आता वर्तमानपत्राचा मुरलेला छायाचित्रकार आहे, आणि प्रेतांच्या फोटोंवर पोट भरल्याबद्दल घरचीच माणसं त्याला जाब विचारतात. वस्तीतल्या बायका आणि रहिवाशांचे कार्यकर्ते यांना मूळ चित्रपटापेक्षा या मालिकेत कितीतरी जास्त जागा आहे. फिर्यादींचं म्हणणं इतक्या वर्षांनी का होईना, पटकथेत उतरलं. बंदुका कुठून येतात आणि वरचे कोण, यालाही मालिका हात घालते. पोलीस आणि राजकारणी यांचे धागे तिथे उघड दिसतात. वेग मात्र त्यांनी कमी केलेला नाही.